पुढच्या चाकाचा आडोसा: ड्राफ्टिंगच्या ट्रायथलॉनमध्ये सायकल आणि हेल्मेट कसं निवडावं

ट्रायथलॉनची सायकल म्हटली की बहुतेकांना आठवतात ते पुढे आलेले एरोबार (कोपर टेकवून धरायचे दांडे), आऱ्या नसलेलं सलग मागचं चाक आणि शेपटीचं हेल्मेट. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये मात्र स्पर्धक रोड सायकलवर, खाली वळलेल्या हँडलबारला धरून, घोळक्याने जाताना दिसतात. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं, आणि सायकलच्या टप्प्यात दुसऱ्याच्या मागे चिकटून जायची, म्हणजे ड्राफ्टिंगची, पूर्ण मुभा. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये पुढच्या स्पर्धकापासून किमान १२ मीटर अंतर राखावं लागतं. इथे दोन चाकांमध्ये अर्धा मीटरही नसतो. सायकल आणि हेल्मेटची सगळी निवड या एका फरकावरून ठरते.

हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती हवी. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने एकटं जाणाऱ्या माणसाची बहुतेक सगळी ताकद हवाच खाते. ढोबळ हिशेब करू. रोड सायकलवर वाकून बसलेल्याला या वेगाला हवेसाठी साधारण २६० वॉट लागतात. टाइम ट्रायलच्या, म्हणजे एरोबारच्या सायकलवर, कोपर जवळ घेऊन, हाच आकडा २०० च्या आसपास येतो. साठ वॉटची बचत म्हणजे फार मोठी गोष्ट. पण तोच रोड सायकलवाला दुसऱ्याच्या मागे नीट आडोशाला गेला, तर अवरोध तिसऱ्या हिश्श्याने सहज कमी होतो आणि त्याला १७५ वॉट पुरतात. पुढच्या माणसाचा आडोसा महागड्या सायकलीपेक्षा जास्त देतो, आणि तोही फुकट.

घोळका मोठा असेल तर फरक थक्क करणारा असतो. वायुगतिकीचे अभ्यासक बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या पेलोटनचा, म्हणजे शर्यतीतल्या मोठ्या घोळक्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. आत, मागच्या बाजूला दडलेल्यांना एकट्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के अवरोध जाणवतो, असं त्यात दिसलं. ट्रायथलॉनमधले गट इतके मोठे आणि दाट नसतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी पाण्यातून वीस सेकंद उशिरा बाहेर पडल्याने पहिला गट हुकला, तर त्याची किंमत का मोजावी लागते, हे यावरून कळतं.

मग एरोबार लावून ड्राफ्टिंग केलं तर दोन्ही फायदे का मिळू नयेत? कारण हात ब्रेकवर नसतात. समजा, तुमच्या आणि पुढच्या चाकात ४० सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढचा स्पर्धक अचानक ताशी ४० किलोमीटरवरून ३५ वर आला. तुम्ही सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर या वेगाने त्याच्याकडे सरकता. अंतर संपायला तीन दशांश सेकंद पुरतात. एरोबारवरून हात उचलून ब्रेकपर्यंत न्यायला एवढा वेळ मिळतच नाही. शिवाय त्या बैठकीत वजन पुढे जातं, हात जवळ येतात आणि सायकल चटकन वळवता येत नाही. पडापडी झाली तर पुढे आलेली टोकं समोरच्याच्या पाठीत घुसू शकतात, ते वेगळंच. म्हणून नियम फक्त खाली वळलेल्या हँडलबारची परवानगी देतात. पूर्वी ब्रेकच्या लिव्हरपुढे न जाणारे आखूड एरोबार चालत, आता तेही बंद झाले आहेत. सलग चाकालाही इथे मनाई आहे. बाजूचा वारा अशा चाकाला शिडासारखा ढकलतो, आणि खांद्याला खांदा लावून जाणाऱ्यांत एकाचा तोल गेला की चौघं पडतात.

उरली रोड सायकल. इथे नवखे खेळाडू वजनाच्या मागे लागतात आणि मला वाटतं, पैसा नेमका चुकीच्या जागी जातो. ड्राफ्टिंगच्या शर्यती बहुधा छोट्या फेऱ्यांच्या असतात, वळणं पुष्कळ आणि कुठे कुठे थेट माघारी फिरायचं. प्रत्येक वळणाला वेग मोडतो, पुन्हा उचलावा लागतो. सायकल धरून ७५ किलोचा स्पर्धक वळणातून १५ च्या वेगाने निघून पुन्हा ४० वर पोहोचायचा तर सुमारे ४००० जूल ऊर्जा लागते, हवेचा खर्च वेगळा. दहा सेकंदांत हे करायचं तर ४०० वॉट झाले, आणि असं प्रत्येक फेरीत अनेकदा. आता सायकल अर्ध्या किलोने हलकी केली तर दर वळणामागे वाचतात जेमतेम २६ जूल. तेच वळण १५ ऐवजी २० च्या वेगाने घेता आलं तर वाचतात ५०० जूल. जवळजवळ वीसपट!

म्हणजे खर्च करायचा तो टायर आणि ब्रेकवर, आणि वेळ द्यायचा वळणांच्या सरावाला. डिस्क ब्रेक पावसातही बऱ्यापैकी एकसारखा लागतो, रिमवरचा ब्रेक ओल्यात आधी पाणी पुसतो आणि मग धरतो. २५ ते २८ मिलिमीटरचा चांगल्या रबराचा टायर, ओल्या रस्त्याला हवा थोडी कमी, हे कुठल्याही हलक्या कार्बनच्या भागापेक्षा मोलाचं. ३१ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये महिलांची ऑलिंपिक शर्यत पावसाने भिजलेल्या रस्त्यावर झाली. वाटेत दगडी फरसबंदीही होती. अनेकजणी घसरून पडल्या.

हेल्मेटचंही गणित असंच उलटतं. शेपटीचं हेल्मेट डोकं स्थिर असताना काम करतं, कारण शेपटी पाठीला लागून हवा सरळ सरकवते. घोळक्यात डोकं स्थिर राहतच नाही. मागे पाहायचं, बाजूला कोण आलं ते पाहायचं, खाली चाकाकडे पाहायचं. मान खाली गेली की शेपटी वर उभी राहते, बाजूला वळली की वाऱ्यात आडवी येते. शिवाय मागून कोणी ओरडलं तर ऐकू यायला हवं, आणि पुढे १० किलोमीटर धावायचं असल्याने डोकं तापवून चालत नाही. त्यामुळे बहुतेकजण आखूड, गोल पाठीचं, मोजक्या पण मोठ्या छिद्रांचं एरो रोड हेल्मेट घेतात. तो योग्य मध्य आहे.

पण आकारापेक्षा मला आतल्या फोमबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. युरोपच्या ईएन १०७८ चाचणीत हेल्मेट सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने सपाट ऐरणीवर आदळतात, म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडल्यासारखं. फोम २ सेंटिमीटर दबला तर डोक्याला सरासरी गुरुत्वाच्या ७५ पट धक्का बसतो. २ मिलिमीटरमध्येच थांबावं लागलं, तर ७५० पट. फोम जीव वाचवतो तो स्वतः चुरगळून, आणि एकदा चुरगळलेला फोम पुन्हा फुगत नाही. वरून चकचकीत दिसणारं, पण एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकूनच द्यावं. सायकलवरून पडताना डोकं बहुधा तिरकं आपटतं आणि पिळवटतं. मेंदूला हा पीळ सरळ धक्क्यापेक्षा जास्त बाधतो. मिप्ससारखं सरकतं अस्तर त्यासाठीच असतं.

शेवटी पट्टा. नियम असा की हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय रॅकवरची सायकल उचलायची नाही, आणि सायकल परत रॅकवर ठेवेपर्यंत तो सोडायचा नाही. पाण्यातून आल्यावर बोटं गारठलेली, धाप लागलेली, आणि बकल दिसत नाही. हेल्मेट उलटं, पट्टे दोन्ही बाजूंना मोकळे सोडून हँडलवर ठेवावं. आडवी घालायची कडी की चुंबकाचं बकल, ते आवडीवर आहे. पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतका घट्ट असावा, आणि हेल्मेटच्या मागची चकती फिरवून पकड बसवलेली असावी. डोकं हलवून पाहिलं तर हेल्मेट हलता कामा नये. ओल्या हातांनी, डोळे मिटून, ते तीन सेकंदांत लागेपर्यंत घरी सराव करावा.