पूर्वसंदर्भ आणि उत्पत्तिकथा

साहित्यकृतीत एखाद्या जुन्या कथेचा, पात्राचा किंवा वचनाचा ओझरता उल्लेख येतो आणि लेखक तो न उलगडता पुढे जातो. त्याला पूर्वसंदर्भ म्हणतात. मूळ कथा वाचकाला ठाऊक आहे हे त्यात गृहीत असते. अशा उल्लेखांचा मोठा साठा उत्पत्तिकथांतून, म्हणजे जग, माणूस, अग्नी, मृत्यू कसे आले हे सांगणाऱ्या पारंपरिक कथांतून येतो.

दूरदूरच्या समाजांतही या कथा मिळत्याजुळत्या दिसतात. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात (१०.९०) यज्ञात बळी दिलेल्या पुरुष नावाच्या आदिजीवाच्या मनापासून चंद्र आणि डोळ्यापासून सूर्य होतो, बॅबिलोनच्या ‘एनुमा एलिश’मध्ये मार्दुक हा देव तिआमत या आदिसमुद्राच्या देवीचा देह दुभंगून विश्व रचतो, नॉर्स (उत्तर युरोपीय) कथेत यमिर या आदिराक्षसाच्या कवटीचे आकाश बनते. एवढ्या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. ऋग्वेदातलेच नासदीय सूक्त (१०.१२९) तर सृष्टी कशी झाली हे तिच्या अध्यक्षालाही ठाऊक नसेल, अशा शंकेवर थांबते.

मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांच्या मते मिथके, म्हणजे अशा पारंपरिक कथा, कुतूहल भागवण्यापेक्षा रूढी व हक्कांना आधार देतात. म्हणूनच पूर्वसंदर्भातून लेखक मिथकाच्या या अधिकाराचा आधार घेऊ शकतो, किंवा त्यालाच आव्हान देऊ शकतो.

कथा ओळखली की काम संपले, असा समज वर्गात रूढ आहे. खरे तर ती कोणत्या रूपात आणि कोणामार्फत आली, हे पाहणे अधिक मोलाचे. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीत नायक एक जीव निर्माण करतो; तिचे उपशीर्षक ‘आधुनिक प्रॉमिथ्यूस’ असे आहे. प्रॉमिथ्यूस हे ग्रीक पुराणकथांतले पात्र. ग्रीक कवी हेसिअडचा प्रॉमिथ्यूस अग्नी चोरून शिक्षा भोगतो, तर रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात तो मातीपाण्यातून माणूस घडवल्याचे येते. कादंबरीला दोन्ही हवे आहेत: निर्मिती आणि शिक्षा. पुढे तो निर्मित जीव इंग्रज कवी मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे आदम-हव्वेच्या पतनावरचे महाकाव्य वाचतो आणि मी तुझा आदम असायला हवा होतो, पण पतित देवदूत ठरलो, असे निर्मात्याला सुनावतो. इथे बायबलचे उत्पत्तीचे पुस्तक उघडून भागत नाही. एदेन बागेच्या कथेत सर्प आहे, पतित देवदूत नाही. तो मिल्टनकडून आला आहे.

उलट बाजूने अतिवाचनाचा धोकाही असतो. कवितेत आग दिसली की लगेच तिथे प्रॉमिथ्यूसचा संदर्भ शोधू नये. नाव, विशिष्ट शब्दयोजना किंवा घटनांचा तोच क्रम, यांपैकी काहीतरी संहितेत दाखवता आले पाहिजे.