घरमाशी व अन्नाचे जंतुदूषण

विष्ठा, शेण, उकिरडा व कुजणारे पदार्थ यांतील रोगकारक जीवाणू घरमाशीमार्फत उघड्या अन्नावर येण्याची क्रिया. घरमाशी (मस्का डोमेस्टिका) ही द्विपंखी गणाच्या मस्किडी कुलातील असून तिचे शास्त्रीय नाव लिनीअस यांनी १७५८ मध्ये दिले. तिचे मूलस्थान वादग्रस्त आहे. काही लेखक ते मध्य किंवा पश्चिम आशियात मानतात, तर काहींचा कल आफ्रिकेकडे आहे. माणूस व त्याची जनावरे यांच्याबरोबर ती जगभर गेली, एवढे मात्र सर्वमान्य आहे. भारतात घरमाशीबरोबर आढळणारी बाजारमाशी (मस्का सॉर्बेन्स) अन्नापेक्षा डोळ्यांवर व जखमांवर अधिक बसते. नुसत्या ‘माश्यां’विषयीच्या जुन्या नोंदी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

घरमाशी चावत नाही. तिच्या सोंडेच्या टोकाशी दोन मऊ पाळ्या असतात व त्यांवर अतिसूक्ष्म पन्हळींचे जाळे असते. तिला केवळ द्रव शोषता येतो. साखरेच्या दाण्यावर बसलेली माशी आधी त्यावर लाळ व अन्नपुटातील (गिळलेले अन्न साठविणाऱ्या पिशवीतील) द्रव सोडते, विरघळलेला भाग ओढून घेते आणि पुढे सरकते. पोट भरल्यावर ती पुष्कळदा सोंडेच्या टोकाशी एक थेंब काढून तो पुन्हा गिळताना दिसते. हा थेंब खाली पडला की फिकट डाग उरतो. विष्ठेचा डाग गडद असतो. दुधाच्या पातेल्याच्या काठावर किंवा दिव्याच्या तारेवर दिसणारे ठिपके या दोन प्रकारचे असतात.

जीवाणू तीन वाटांनी अन्नावर येतात : पाय व अंगावरील केसांना चिकटून, ओकारीतून आणि विष्ठेतून. पायांच्या टोकांशी असलेल्या गाद्यांवरील केसांना चिकट स्राव असल्याने पायांची वाट प्रथम लक्षात आली. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकेच्या छावण्यांत विषमज्वराचे (टायफॉइडचे) २०,००० हून अधिक रुग्ण झाले. वॉल्टर रीड, व्हिक्टर व्हॉन व एडवर्ड शेक्सपिअर यांच्या चौकशी मंडळाने नोंदविले, की शौचखड्ड्यांत चुना टाकल्यावर पांढऱ्या पायांच्या माश्या भोजनाच्या जागी अन्नावर फिरताना दिसल्या. हा पुरावा डोळ्यांना पटणारा असला, तरी पायांवरील जीवाणू कोरड्या हवेत लवकर मरतात. अन्नपुटात व आतड्यात ते अधिक काळ टिकतात, म्हणून पोटातून होणारे दूषण अधिक महत्त्वाचे मानणे सयुक्तिक दिसते.

माशी केवळ ओझे वाहते की तिच्या शरीरात जीवाणू वाढतात, हा त्यापुढचा वाद. रूढ मत पहिले होते. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये एश्चेरिकिया कोलाय ओ१५७ या जीवाणूवरील प्रयोगांत असे दाखविले, की तो सोंडेच्या पन्हळींत व आतड्यात वाढतो आणि निदान तीन दिवस विष्ठेतून बाहेर पडत राहतो. मात्र हे सर्व जीवाणूंना लागू करता येत नाही. अळीच्या पोटातील बहुतेक जीवाणू कोशावस्थेत नष्ट होतात. काही थोडे प्रौढ माशीत उतरतात, असे काही प्रयोग सांगतात.

माशीने आणलेले जीवाणू संख्येने सहसा थोडे असतात. त्यामुळे संसर्गास किती जीवाणू लागतात यावर तिचे महत्त्व ठरते. शिगेला या रक्ती हगवणीच्या जीवाणूस १० ते १०० इतकी संख्याही पुरते. पटकीला (कॉलऱ्याला) सामान्यतः लाखो जीवाणू लागतात व तिचा मुख्य मार्ग पाणी हाच आहे. अर्थात कोमट भात, दूध, खवा यांवर पडलेले थोडे जीवाणूही काही तासांत पुरेसे वाढतात. क्षेत्रीय प्रयोग याला बऱ्याच अंशी दुजोरा देतात. टेक्ससमधील हिडाल्गो परगण्यात डीडीटी या कीटकनाशकाने माश्या कमी केल्यावर शिगेलाचा संसर्ग घटला, साल्मोनेला या आतड्याच्या दुसऱ्या रोगकारक जीवाणूचा मात्र ठळकपणे घटला नाही (१९४८). इझ्राएलच्या लष्करी तळांवर सापळे लावल्यावर शिगेलाजन्य हगवणीचे रुग्ण ८५ टक्क्यांनी कमी झाले (१९९१), तर पाकिस्तानातील खेड्यांत फवारणीनंतर मुलांच्या अतिसारात २३ टक्के घट आढळली (१९९९). विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य शहरांतील विषमज्वर ओसरण्याचे श्रेय काहींनी घोडे व त्यांची लीद कमी होण्याला दिले आहे. त्याच काळात पाणीही गाळून व क्लोरीन घालून मिळू लागले असल्याने हे श्रेय जपूनच द्यावे लागते.

डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या १९४६-४७ मध्येच स्वीडन व इटलीत आढळल्या. त्यामुळे अन्न झाकणे, शौचखड्डे बंद ठेवणे व पैदाशीची जागा मोडणे हेच उपाय मुख्य ठरतात. उष्ण हवेत अंड्यापासून माशी सात ते दहा दिवसांत तयार होते. गोठ्यातील शेण किंवा कुक्कुटपालनातील विष्ठा आठवड्याच्या आत हलवून पातळ पसरून वाळविल्यास ओलावा न मिळाल्याने अळ्या कोश करण्यापूर्वीच मरतात.