वायर जळत नाही, पण पुरते का?

"दहा गेजची वायर साठ अँपिअर सोसते, मोटर पन्नास ओढते, मग अडचण काय?" छोट्या बोटीवर ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर चालणारी, बोट हळूहळू पुढे नेणारी मोटर) बसवणाऱ्यांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरचा 'दहा गेज' (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप) म्हणाला की पुढचं मीच पुरं करतो. गंमत म्हणजे त्यातला एकही आकडा चुकीचा नसतो. चुकतो तो शेवटचा प्रश्न. वायर किती अँपिअर सोसते हे वेगळं आणि त्या वायरीच्या पलीकडच्या टोकाला किती व्होल्ट पोहोचतात हे वेगळं. पहिलं तपासून लोक दुसरंही तपासलं असं धरून चालतात, आणि मग मोटरला, बॅटरीला, फिश फाइंडरला (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राला), जमलं तर माशांनाही दोष देतात.

पहिली गोष्ट बहुतेकांना पक्की ठाऊक असते, म्हणून थोडक्यात आटपतो. वायरीतून करंट गेला की ती तापते. किती तापली तर इन्सुलेशन बिघडेल, त्यावरून तिची मर्यादा ठरते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ मानकात १०५ अंश सेल्सिअस सोसणारं इन्सुलेशन असलेल्या, इंजिनाच्या कप्प्याबाहेरच्या १० गेज वायरीला ६० अँपिअर दिलेत. वायरींची जुडी बांधली तर आकडा खाली येतो. फ्यूज किंवा ब्रेकर असतो तो या वायरीला वाचवण्यासाठी, मोटरला वाचवण्यासाठी नव्हे. म्हणून तो बॅटरीजवळच हवा. त्याच मानकात ७ इंचांच्या आत असा नियम आहे, काही ठरावीक सवलती सोडल्या तर. फ्यूज मोटरच्या टोकाला लावून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिलीत. त्यांच्या बोटीत बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या सगळ्या वायरीला संरक्षणच नसतं. असो.

आता दुसरी गोष्ट. वायरीला रेझिस्टन्स असतो, त्यामुळे करंट वाहताना थोडे व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात. हा व्होल्टेज ड्रॉप. तांब्याचा हिशोब अगदी सोपा आहे: लांबी मीटरमध्ये, गुणिले करंट, गुणिले ०.०१७२, भागिले वायरीचं स्क्वेअर एमएम. खरी मेख 'लांबी' या शब्दात आहे. करंट नुसता जात नाही, तो परतही येतो. बॅटरी मागे, मोटर पुढे नाळेवर आणि मधलं अंतर पाच मीटर असेल, तर हिशोबात दहा मीटर धरायचे. तेही बोटीच्या कडेकडेने वळसे घेत वायर जशी टाकणार तसे मोजून, डोळ्यांनी सरळ रेषा मारून नाही. तयार तक्ता वापरणार असाल तर त्यात लांबी एकेरी आहे की जाऊन-येऊन, ते आधी बघा. काही मोटरवाल्यांच्या तक्त्यात एकेरी असते, ई-११ मध्ये जाऊन-येऊन. एकाची लांबी दुसऱ्याच्या तक्त्यात घातली की उत्तर दुप्पट किंवा निम्मं येतं, आणि दोन्ही उत्तरं दिसायला सारखीच खरी वाटतात.

५५ पौंड थ्रस्टची (बोट ढकलण्याच्या जोराची) १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर घेते. दहा गेज म्हणजे ५.२६ स्क्वेअर एमएम. मांडा: १० × ५० × ०.०१७२ ÷ ५.२६. उत्तर १.६ व्होल्ट. बारातले १.६, म्हणजे साडेतेरा टक्के, वायरीने वाटेतच खाल्ले. वॉटमध्ये सांगायचं तर सुमारे ८०, दर मीटरला आठ वॉट. वायर हाताला चांगली गरम लागेल, पण इन्सुलेशन शाबूत राहील आणि ब्रेकर पडणार नाही. पडेल कसा? त्याच्या लेखी सगळं आलबेल आहे. त्याला करंट कळतो, पलीकडे किती व्होल्ट पोहोचले ते कळत नाही. वर तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्सही वाढतो, दर अंशाला ०.४ टक्के, म्हणजे हा हिशोब अजून उदारच आहे.

ही गल्लत होते कशी, तेही सांगतो. घरातल्या वायरिंगवर हात बसलेला असतो. २३० व्होल्टमध्ये १.६ व्होल्ट गेले तर ते पाऊण टक्काही नाही, पंख्यालाही कळत नाही. तिथे वायर तापत नसेल तर बहुधा ती पुरतेही, म्हणून दोन प्रश्न एकच असल्यासारखे वागतात. बारा व्होल्टवर तेच १.६ व्होल्ट डोंगराएवढे होतात. घरात पंधरा-वीस वर्षं वायरिंग केलेला माणूस बोटीवर इथेच फसतो, आणि अनुभवामुळे जास्त ठामपणे फसतो.

मग जाडी किती घ्यायची? सहा गेज, म्हणजे १३.३ स्क्वेअर एमएम, घेतली तर ई-११ प्रमाणे ती १२० अँपिअर सोसते. मोटरच्या दुपटीहून जास्त. तरी ड्रॉप ०.६५ व्होल्ट, जवळजवळ साडेपाच टक्के. १६ स्क्वेअर एमएमला साडेचार टक्के. २५ स्क्वेअर एमएमला आल्यावर कुठे ०.३४ व्होल्ट, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. ई-११ मध्ये महत्त्वाच्या सर्किटांना तीन टक्के आणि बाकीच्यांना दहा टक्के ड्रॉप चालतो. दहा टक्क्यांवर समाधान मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण माझ्या बोटीवर ट्रोलिंग मोटरला तीनच. वायर एकदाच टाकायची असते, बॅटरी रोज चार्ज करायची असते.

बोट लांब असेल आणि मोटर अजून विकत घेतली नसेल तर सरळ २४ व्होल्टची घ्या. तेवढ्याच वॉटला करंट निम्मा होतो, आणि उरलेला ड्रॉप दुप्पट व्होल्टवर विभागला जातो. त्याच दहा गेजच्या वायरीत साडेतेरा टक्क्यांचे साडेतीनच टक्के होतात.

उलटही घडतं, आणि तेव्हा नुसता ड्रॉप बघणारे तोंडघशी पडतात. मोटर मागे, बॅटरी शेजारीच, जाऊन-येऊन फक्त दोन मीटर. १४ गेजची (२.०८ स्क्वेअर एमएम) वायर घातली तर ५० अँपिअरला ड्रॉप येतो ०.८ व्होल्ट, सात टक्के, दहाच्या आत. कागदावर पास. पण ही वायर सोसते ३५ अँपिअर, म्हणजे ती भाजणार. तेव्हा छोट्या अंतरात उष्णता निकाल देते, लांब अंतरात ड्रॉप. दोन्ही हिशोब करायचे आणि ज्याची वायर जाड येईल ती घ्यायची. 'यातला मुख्य कुठला?' असं मला विचारू नका.

एक लाडका गैरसमज इथेच निकालात काढू. "व्होल्टेज कमी पडलं की मोटर जास्त अँपिअर ओढते." पंख्याला (प्रॉपेलरला) पाण्याचा भार असलेल्या साध्या डीसी ट्रोलिंग मोटरचं तसं नसतं. व्होल्ट घटले की ती हळू फिरते, आणि हळू फिरली की करंटही थोडा कमीच घेते. म्हणून तर चोरी पकडली जात नाही. काही जळत नाही, काही तापून वास येत नाही, फक्त वाऱ्याविरुद्ध बोट जागची हलत नाही. जास्त अँपिअर ओढणारं यंत्र बोटीवर दुसरंच आहे. फिश फाइंडरमधला पॉवर सप्लाय ठरावीक वॉट घेतो, व्होल्ट घटले तर अँपिअर वाढवून भागवतो, आणि अगदीच घटले तर बंद पडतो.

फिश फाइंडरबाबत मी स्वतः चुकलोय. मोटरचं पेडल जोरात दाबलं की स्क्रीन काळी व्हायची आणि परत सुरू व्हायची. मी काय केलं? फिश फाइंडरची बारीक वायर काढून जाड घातली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या बारीक वायरीचा काहीच दोष नव्हता. यंत्र दोन अँपिअर घेत असेल तर १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीतून जाऊन-येऊन दहा मीटरला ड्रॉप पडतो ०.२३ व्होल्ट. पण मी फिश फाइंडरचा करंट बॅटरीवरून न घेता नाळेवर मोटरच्या प्लगपाशी घेतला होता, कारण तिथे वायर 'आयतीच' होती. म्हणजे मोटरच्या ५० अँपिअरचा सगळा ड्रॉप याच्याही माथी. अर्धी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तेवढ्या भाराखाली साडेअकरा व्होल्टच्या आसपास येते, त्यातून वायरीतले १.६ वजा केले तर दहाच्या खाली. दहा व्होल्टच्या आसपास बरीच फिश फाइंडर मान टाकतात. फिश फाइंडरला त्याच्या स्वतःच्या ड्रॉपने मरण नसतं, ते शेजाऱ्याच्या ड्रॉपने असतं.

म्हणून त्याची जोडी वेगळी, थेट बॅटरीच्या टर्मिनलपर्यंत, तिच्या सुरुवातीला यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेला छोटा फ्यूज. जोडी म्हणजे दोन्ही वायरी. प्लस वेगळी नेऊन मायनस मोटरच्या मायनसला जोडणारे महाभाग कमी नाहीत. अर्धा ड्रॉप त्या परतीच्या वायरीतच असतो. शिवाय वेग कमी-जास्त करताना बऱ्याच मोटरी करंट तुकड्यातुकड्यांत घेतात, आणि ती थरथर सामाईक वायरीतून स्क्रीनवर बारीक ठिपक्यांच्या रूपाने उतरते. मला विचाराल तर फिश फाइंडरला वेगळी छोटी बॅटरीच द्यावी. ट्रान्सड्यूसरची (फिश फाइंडरच्या पाण्यातल्या सेन्सरची) केबलही मोटरच्या वायरींना बांधू नये.

बाकी किरकोळ गोष्टी. मोटरला मगर-चिमटे लावू नका. घरगुती एकसंध तारेची वायर बोटीच्या हादऱ्यांनी तुटते, बारीक तारांची, कथील चढवलेली घ्या. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे वरचे सगळे आकडे तिला लागू नाहीत. आणि गेजचा आकडा उलटा चालतो, चार गेज सहापेक्षा जाड, हे एकदा पाठच करून टाका.

आपल्या बोटीवर नक्की किती ड्रॉप पडतोय ते मोजायला मल्टिमीटर पुरतो, पण मोटर पाण्यात आणि पूर्ण वेगात हवी. अंगणात पंखा हवेत फिरवून मोजलं तर मोटर जेमतेम काही अँपिअर घेते आणि वायर कितीही बारीक असली तरी उत्तम दिसते. ही चाचणी करून "माझं वायरिंग ठीक आहे" म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी मोटरच्या प्लगमधल्या प्लसवर. काड्या लांब करायला कुठलीही बारीक वायर चालेल, मीटरच्या काडीतून करंट जवळपास जातच नाही. मीटर दाखवेल तो थेट प्लस वायरीतला ड्रॉप. मग तसंच मायनसचं मोजा आणि दोन्हींची बेरीज करा. बेरीज हिशोबाच्या आकड्याशी जुळली तर दोष जाडीचा. हिशोबापेक्षा बरीच जास्त आली तर वायर बदलू नका, काडी एकेका जोडावर सरकवत या. माझ्याकडे प्लसच्या बाजूला अर्धा व्होल्ट जास्तीचा निघाला, आणि तो सगळा ब्रेकरच्या एका सैल लगमध्ये (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडात) होता.