अंतराळवीर होण्याची शाखा कोणती?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की नागपुरात घरोघरी प्रवेशाच्या आणि शिकवणी वर्गांच्या चर्चा सुरू होतात. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले आणि या चर्चेत एका प्रश्नाची भर पडली: मुलाला किंवा मुलीला अंतराळवीर व्हायचे असेल, तर बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी? रमण विज्ञान केंद्राचे तारांगण पाहून आलेल्या मुलांना हा प्रश्न पडावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र त्याचे खरे उत्तर पालकांना फारसे रुचणारे नाही. अशी शाखाच नाही. दुसऱ्या एखाद्या कामात वर्षानुवर्षे मुरलेल्या माणसांतूनच अंतराळवीर निवडले जातात.

माणसाला अंतराळात नेणाऱ्या भारताच्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेले प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला हे चौघेही भारतीय वायुदलातील चाचणी वैमानिक आहेत. नव्या किंवा बदल केलेल्या विमानाच्या मर्यादा प्रत्यक्ष उड्डाणात तपासायच्या आणि काही बिघडले तर गोंधळून न जाता त्याची नोंद जमिनीवर आणायची, हे चाचणी वैमानिकाचे रोजचे काम असते. ज्या यानातून आजवर कोणीच प्रवास केलेला नाही, त्यासाठी अशीच माणसे शोधली जावीत यात आश्चर्य नाही. वायुसेनानगरातील मेंटेनन्स कमांडमुळे नागपूरकरांना वायुदल परके नाही. तरीही बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळवणे ही त्या वाटेची केवळ सुरुवात आहे, हे लक्षात ठेवायला हवे. त्यापुढे लढाऊ विमानांवरील अनेक वर्षांची सेवा आणि बंगळुरू येथील चाचणी वैमानिकांचा अभ्यासक्रम येतो.

अमेरिकेत वैमानिक नसलेल्यांनाही संधी असते, मात्र त्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व लागते. कल्पना चावला यांनी चंदीगडला विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली, संशोधन केले आणि त्यानंतर, १९९४ च्या अखेरीस, त्यांची नासाच्या तुकडीत निवड झाली. २०२१ च्या तुकडीसाठी तेथे १२,००० हून अधिक अर्ज आले होते आणि त्यांतून १० जण निवडले गेले.

शरीराविषयीचे गैरसमज मात्र फार आहेत. पिळदार देहयष्टीची येथे कोणी अपेक्षा करत नाही. नासाच्या नियमांनुसार चष्म्याने दृष्टी पूर्ण सुधारत असेल तर चष्मा चालतो. रक्तदाब बसलेल्या स्थितीत १४०/९० च्या वर नसावा लागतो. डॉक्टरांचा खरा शोध असतो तो पुढे उद्भवू शकणाऱ्या दुखण्यांचा. वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का घटते आणि म्हणून स्थानकावर रोज साधारण दोन तास व्यायाम करावा लागतो. हाडांतून निघालेले कॅल्शियम मूत्रावाटे बाहेर पडत असल्याने मुतखड्याचा धोका वाढतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे दुखणे ज्यांनी सोसले आहे, त्यांना पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर ते सुरू झाले तर काय होईल, हे सांगावे लागणार नाही.

तब्येतीइतकाच, माझ्या मते त्याहूनही अधिक, कस लागतो तो स्वभावाचा. स्थानकाबाहेर काम करताना अंतराळवीराच्या पोशाखाच्या आत, अंगाला लागून, बारीक नळ्यांतून पाणी खेळवलेले असते. हे पाणी शरीराची उष्णता गोळा करते आणि पोशाखाच्या पाठीवरील यंत्रणेत दुसऱ्या पाण्याचा बर्फ निर्वात पोकळीत थेट वाफ होऊन ती उष्णता बाहेर नेतो. मे महिन्यात आपला कूलर पाण्याची वाफ करून खोली थंड करतो, त्यामागचे तत्त्व हेच. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे लुका पार्मितानो स्थानकाबाहेर असताना या यंत्रणेचा एक भाग तुंबला आणि तिच्यातील पाणी हवेच्या मार्गाने त्यांच्या शिरस्त्राणात शिरू लागले. वजनच नसल्याने ते खाली ओघळले नाही. चेहऱ्याला चिकटत ते डोळ्यांवर आणि नाकपुड्यांपर्यंत पसरले. त्यातच सूर्य मावळला आणि नियंत्रण कक्षाचे बोलणेही नीट ऐकू येईनासे झाले. शिरस्त्राणात हात घालून पाणी पुसण्याची सोय नसते. पार्मितानो आठवणीच्या आधाराने आणि कमरेच्या सुरक्षा दोराच्या ओढीवरून दिशा ओळखत दारापर्यंत परतले. शिरस्त्राणात सुमारे दीड लिटर पाणी साचले होते, असे नंतर आढळले.

ही स्थिरता उपजत असतेच असे नाही; ती बरीचशी सरावातून येते. ह्यूस्टनच्या १२ मीटर खोल तलावात स्थानकाच्या प्रतिकृतीवर तासन्‌तास काम करून घेतले जाते, गरगर फिरणाऱ्या यंत्रात शरीरावर अनेक पट भार दिला जातो आणि यान भलत्याच ठिकाणी उतरले तर तग धरता यावा म्हणून बर्फात, जंगलात आणि समुद्रात राहण्याचे शिक्षण मिळते. गगनयानाच्या चमूने फेब्रुवारी २०२० पासून साधारण वर्षभर रशियातील गागारिन केंद्रात असे प्रशिक्षण घेतले. या जोडीला रशियन भाषा, यंत्रांची दुरुस्ती, प्रथमोपचार आणि अगदी स्वच्छतागृह नीट करणेही आलेच, कारण अंतराळात बोलावल्यावर येणारा कारागीर नसतो.

एवढे सगळे करूनही उड्डाण होईलच, याची हमी नसते. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयुझ टी-११ या सोव्हिएत यानातून अंतराळात गेले. त्यांच्याबरोबरीने तयारी केलेले रवीश मल्होत्रा राखीव असल्यामुळे जमिनीवरच राहिले. शुक्ला यांच्या मोहिमेत हीच भूमिका प्रशांत नायर यांच्याकडे होती. राखीव अंतराळवीराला प्रशिक्षणात कोणतीही सवलत मिळत नाही, कारण मुख्य अंतराळवीर ऐनवेळी आजारी पडला, तर त्याला लगेच त्या जागी बसावे लागते. गगनयानाच्या कुपीत जास्तीत जास्त तिघांसाठी जागा आहे आणि प्रशिक्षण घेतलेले आहेत चौघे.