श्वानप्रतिपालन, तात्पुरते

रस्त्यावरून उचललेल्या, अपघातात सापडलेल्या किंवा मालकाने सोडून दिलेल्या कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत स्वयंसेवकाने विनामोबदला आपल्या घरी सांभाळण्याची पद्धत. शहरी बोलण्यात ‘फॉस्टर करणे’ असेच म्हणतात. या काळात कुत्र्याची जबाबदारी सुटका करणाऱ्या संस्थेकडे किंवा व्यक्तीकडेच राहते आणि औषधपाण्याचा खर्चही बहुधा तिने करायचा असतो. ही वाटणी अनेकदा तोंडीच ठरते, आणि पुष्कळदा तिथेच बिनसते.

उगम : निराधार कुत्र्यांना संस्थेत आसरा देण्याची प्रथा घरगुती प्रतिपालनाहून बरीच जुनी आहे. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ उभे राहिले. लंडनमध्ये मेरी टील्बी यांनी १८६० मध्ये होलोवे येथे सुरू केलेले कुत्र्यांचे आश्रयस्थान १८७१ मध्ये बॅटरसी येथे हलले. मात्र पांजरापोळात आलेले जनावर अखेरपर्यंत तिथेच राहावे अशी अपेक्षा असते, तर प्रतिपालनात ते पुढे जावे हाच हेतू असतो. म्हणून पांजरापोळाला या पद्धतीचे थेट मूळ मानणे कठीण आहे.

कुत्रे संस्थेबाहेर, कुटुंबात ठेवण्याचा धागा वेगळीकडे सापडतो. इंग्लंडमधील शिकारी श्वानपथकांची पिल्ले निदान अठराव्या शतकापासून आसपासच्या शेतकरी कुटुंबांत वाढवायला दिली जात आणि मोठी झाली की परत घेतली जात. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थांनी विसाव्या शतकात हीच रीत उचलली. अमेरिकेत ती साधारणतः १९४२ पासून आणि ब्रिटनमध्ये १९५६ पासून दिसते. प्रतिपालनाची तुलना अनाथ मुलांच्या संगोपन-व्यवस्थेशीही केली जाते. परंतु मालकी संस्थेची, खाणे-राहणे कुटुंबात, अधूनमधून देखरेख आणि शेवटी ठरलेली परतपाठवणी हा सारा साचा मार्गदर्शक कुत्र्यांच्या योजनांशी अधिक जुळतो.

रोगप्रतिबंध : कोंडवाड्यातील गर्दी टाळणे हे प्रतिपालनाचे नेहमी सांगितले जाणारे कारण. पशुवैद्यकाच्या दृष्टीने पिल्लांना संसर्गापासून दूर ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते. पार्व्हो या पिल्लांच्या आतड्यांच्या विषाणुजन्य रोगाची लक्षणे संसर्गानंतर सामान्यतः तीन ते सात दिवसांत दिसतात : आधी मरगळ व उलट्या, मग रक्तमिश्रित, उग्र वासाचे जुलाब. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणुजन्य रोगाला याहून जास्त काळ लागू शकतो. त्यामुळे घरातील इतर कुत्र्यांपासून नवागताला चौदा दिवस वेगळे ठेवण्याचा प्रघात उपयोगी असला तरी तो पुरेसा असतोच असे नाही. पार्व्होचा विषाणू फरशीवर व मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. नेहमीच्या फिनाइलने तो मरत नाही. आधी घाण पूर्ण काढून, मग पातळ केलेले ब्लीच सुमारे दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे लागते. ज्या घरात पार्व्हो होऊन गेला आहे, तिथे लसीकरण अपुरे असलेले पिल्लू पुढचे कित्येक महिने आणू नये. रेबीजबाबत चौदा दिवसांचा हिशेब लागूच पडत नाही, कारण त्याचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत असतो. वारंवार कुत्री घरी आणणाऱ्यांनी स्वतः रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेणे इष्ट.

वर्तन : श्वानवर्तनाचे अभ्यासक जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार पिल्लाच्या सामाजिकीकरणाचा निर्णायक काळ सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा असतो. लसीकरण पुरे होण्याआधीच हा काळ उलटत असल्याने मिक्सर, झाडू, कुकरची शिट्टी, दारावरची बेल यांची ओळख घरातच व्हावी लागते. मोठ्या कुत्र्याचे प्रश्न निराळे. पहिले एक-दोन दिवस ते पलंगाखालून बाहेर येत नाही, गुळगुळीत लादीवर पाय टाकायला बिचकते, आणि मातीची सवय असल्याने विधीसाठी बाल्कनीत अंथरलेल्या वर्तमानपत्राकडे ढुंकूनही पाहत नाही.

अमेरिकेतील पाच आश्रयस्थानांवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक-दोन रात्री घरी राहिलेल्या कुत्र्यांच्या मूत्रातील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक घटलेले आढळले. आश्रयस्थानात परतल्यावर ते पूर्वपातळीवर आले, म्हणजे परत जाण्याने ताण आणखी वाढला असे दिसले नाही. स्वयंसेवकांत लोकप्रिय असलेला ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ हा कुत्रे नव्या घरात रुळण्याच्या टप्प्यांचा आडाखा मात्र अनुभवावर बेतलेला आहे; त्याला नियम समजू नये.

दत्तक : दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना कुत्रे दाखवणे, घरभेट आणि लेखी करार हे पुढचे टप्पे. बाल्कनीला जाळी आहे का, घरमालकाची हरकत आहे का, गावी जाताना कुत्रे कोणाकडे राहील, हे प्रश्न तेव्हाच विचारलेले बरे. कुत्रे पुढे न देता स्वतःकडेच कायमचे ठेवून घेणाऱ्या प्रतिपालकाला गमतीने ‘फॉस्टर फेल’ म्हणतात.

कायदा : भटक्या कुत्र्याला निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, हे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ चे सर्वसाधारण सूत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने प्राणिप्रेमींना कुत्रे दत्तक घेण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. असे कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. मुंबई व पुणे येथे पाळीव कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना लागतो.