अन्नमागणी, जागतिक : भावी कल आणि नाशिक जिल्हा

लोकसंख्या, उत्पन्न आणि आहारसवयी यांतील बदलांमुळे येत्या दशकांत जगात शेतमालाची मागणी किती आणि कोणत्या मालासाठी वाढेल, याविषयीचे अंदाज. द्राक्ष, कांदा व डाळिंब ही नाशिकची पिके परदेशी गिऱ्हाइकावर बरीच अवलंबून असल्याने हा विषय जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

अंदाजांविषयी मतभेद : ‘२०५० पर्यंत अन्नोत्पादन दुप्पट करावे लागेल’ हे विधान शेतकरी मेळाव्यांत नेहमी ऐकू येते. त्याचा उगम नेमका एका ठिकाणी दाखवणे कठीण आहे. निरनिराळ्या अंदाजांची त्यात सरमिसळ झाली असावी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००९ मध्ये २००५–०७ हा पायाभूत काळ आणि २०५० साठी ९१० कोटी लोकसंख्या धरून ७० टक्के वाढ सांगितली. त्याच संघटनेच्या अलेक्झांड्राटोस व ब्रुइन्स्मा यांनी २०१२ मध्ये हा आकडा ६० टक्क्यांवर आणला. मधल्या काळात, २०११ मध्ये, अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ डेव्हिड टिलमन व सहकाऱ्यांनी २००५ च्या तुलनेत पिकांची मागणी उष्मांकांत १०० आणि प्रथिनांत ११० टक्क्यांनी वाढेल असे मांडले होते. हे आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करणे बरोबर नाही. संघटनेचा निर्देशांक किमतींनी भारित आहे, म्हणजे महाग मालाला त्यात अधिक वजन मिळते; म्हणून त्यात किलोभर मांस किलोभर मक्याहून बरेच जड भरते. टिलमन यांनी जनावरांच्या खाद्यासह सारी पिके उष्मांक व प्रथिनांत मोजली. फान डाइक व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ५७ अभ्यासांचा एकत्रित विचार करून २०१० ते २०५० साठी ३५ ते ५६ टक्के, हवामानबदल धरल्यास ३० ते ६२ टक्के, अशी मागणीवाढीची कक्षा दिली. पायाभूत वर्ष पुढे सरकल्याने टक्केवारी काहीशी उतरणारच. ते लक्षात घेऊनही ही कक्षा अधिक ग्राह्य वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे १,०३० कोटींवर पोहोचून मग हळूहळू उतरेल.

मागणीचे स्वरूप : उत्पन्न वाढले की खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा जर्मन संख्याशास्त्रज्ञ एंगेल यांचा १८५७ मधील नियम. भारतीय ग्रामीण कुटुंबांत हा वाटा २०११–१२ मध्ये सुमारे ५३ टक्के होता, तो २०२२–२३ मध्ये सुमारे ४६ टक्के झाला. त्यातही धान्याचा हिस्सा आटून दूध, अंडी, फळे व तयार पदार्थांचा वाढला. येवला, मालेगाव भागांत जिरायत बाजरीची जागा बऱ्याच अंशी मक्याने घेतली, ती याच ओघात : मका कोंबडीखाद्याला जातो आणि आता इथेनॉललाही.

द्राक्ष : युरोपची मागणी बागेपर्यंत पोचते ती अटींच्या रूपाने. मण्याचा व्यास, गोडी, घडाचा आकार आणि सर्वांत कठोर म्हणजे रसायनांचे अंश. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक रसायन मर्यादेपेक्षा अधिक आढळून माल नाकारला गेला. खरड (एप्रिलच्या सुमाराच्या) छाटणीनंतर शेंडावाढ रोखून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून बागायतदार ते वापरत. अंश मात्र गोडी (फळांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या) छाटणीनंतरच्या फळात उतरले. तोवर येथील तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हते, म्हणून सारा दोष बागायतदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होय. ‘ग्रेपनेट’ या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालीत निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद होते आणि काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो. पेरू व चिलीच्या स्पर्धेमुळे थॉमसन सीडलेस या जुन्या बिनबियांच्या वाणावर भागेनासे झाले. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने ‘आरा’ गटातील परदेशी वाण आणले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली; नाशवंत फळाला ही दिरंगाई फार महाग पडते.

कांदा : येथे अडचण मागणीची कमी आणि धोरणाची अधिक दिसते. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी झाली. ४ मे २०२४ रोजी टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य व ४० टक्के निर्यात शुल्कासह ती उठली. शुल्क पूर्णपणे हटले ते १ एप्रिल २०२५ रोजी. बंदीच्या काळात दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक परत मिळवणे लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्याला सोपे नसते, आणि पडलेल्या भावाचा भार अखेर उत्पादकावरच येतो. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) भरतात. खालून व बाजूंनी वारा खेळता ठेवला तरी पावसाळ्यात वजन घटते, काही माल सडतो, उरलेल्याला पुढे कोंब फुटतात. काढणीपासून किरकोळ विक्रीपूर्वीपर्यंत जगातील सुमारे १४ टक्के अन्न वाया जाते, असा अन्न व कृषी संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. ही गळती थांबवणे हे उत्पादन वाढवण्याइतकेच मोलाचे आहे.

भरडधान्ये : पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत नागली (नाचणी) व वरई ही भरडधान्ये डोंगरउतारावर घेतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते.