उच्च तंत्रज्ञान व्यापारातील लघु अर्थव्यवस्था

देशांतर्गत बाजारपेठ मर्यादित असलेल्या देशांची संशोधनप्रधान वस्तूंच्या (विमाने, संगणक, इलेक्ट्रॉनिकी, औषधे इ.) जागतिक व्यापारातील स्पर्धाक्षमता. आयर्लंड, सिंगापूर, इझ्राएल, फिनलंड ही नेहमीची उदाहरणे.

‘लघु’ कोणाला म्हणावे, याबाबत मतभेद आहेत. राष्ट्रांच्या आकारावरील १९५७ च्या लिस्बन परिषदेत अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी एक कोटी लोकसंख्येची मर्यादा धरली होती. व्यापारसिद्धांतात मात्र जागतिक किमतींवर प्रभाव पाडू न शकणारा देश लघु ठरतो. ही कसोटी येथे तोकडी पडते. नोकियाच्या भरभराटीच्या काळात फिनलंडची लोकसंख्या पन्नास-बावन्न लाखांची होती, पण मोबाइलच्या बाजारात तो देश नगण्य खचितच नव्हता. म्हणून लोकसंख्येचा निकषच अधिक ग्राह्य वाटतो.

स्पर्धाक्षमतेच्या मोजमापासाठी अर्थशास्त्रज्ञ बेला बलाशा यांचा प्रकट तुलनात्मक लाभाचा निर्देशांक (१९६५) सर्रास वापरतात; त्याचे मूळ लीझ्नर यांच्या १९५८ मधील मांडणीत असल्याचे मानले जाते. देशाच्या एकूण निर्यातीतील वस्तूच्या हिश्शाला जागतिक निर्यातीतील तिच्या हिश्शाने भागतात. उत्तर १ हून अधिक आल्यास लाभ आहे असे समजतात. लहान देशाची एकूण निर्यातच बेताची असल्याने एखाद्या कारखान्यानेही हा आकडा फुगतो. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीने १९९६ मध्ये कारखान्यासाठी मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकाची निवड केली आणि १९९८ पासून तेथे आयात वेफरांपासून (चिप कोरलेल्या सिलिकॉनच्या चकत्या) चिपची जुळणी व चाचणी सुरू झाली. कालपर्यंत केळी आणि कॉफीसाठी ओळखला जाणारा देश आकडेवारीत उच्च तंत्रज्ञानाचा निर्यातदार ठरला. निर्यातीत चिपची पूर्ण किंमत धरली जाई. देशाच्या पदरात मात्र मुख्यतः जुळणी व चाचणीचा मोबदला पडे. २०१४ मध्ये कंपनीने हे काम आशियात हलवण्याचे जाहीर केले; अभियांत्रिकी व सेवा विभाग तेथेच राहिले.

सिंगापूर व हाँगकाँगच्या बाबतीत पुनर्निर्यात (आयात करून तसाच पुढे पाठवलेला माल) वजा केल्याशिवाय तुलना फसवी ठरते. मूल्यवर्धनावर, म्हणजे निर्यातीत देशाने स्वतः भर घातलेल्या मूल्यावर, आधारित आकडेवारी (आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि जागतिक व्यापार संघटना, २०१३ पासून) त्या मानाने विश्वसनीय असली, तरी बौद्धिक संपदेच्या स्थलांतराचा (कंपन्यांनी पेटंटांसारखे हक्क दुसऱ्या देशात हलवण्याचा) प्रश्न तिनेही सुटत नाही. मुख्यतः अशा स्थलांतरामुळे २०१५ मध्ये आयर्लंडचे स्थूल देशांतर्गत उत्पादन कागदोपत्री चतुर्थांशाहून अधिक वाढले.

अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांच्या १९८० च्या प्रतिमानानुसार मोठ्या घरगुती बाजारपेठेचा देश, उत्पादन वाढले की सरासरी खर्च घटणाऱ्या उद्योगांना अधिक आकर्षित करतो. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने सहभागी देशांत बहुतांश संगणकीय वस्तूंवरील आयातशुल्क हटत गेल्याने लहान देशांची ही अडचण सौम्य झाली. यशाचे कारण सवलतीचा कंपनीकर की कुशल मनुष्यबळ, हा आयर्लंडविषयीचा वाद जुनाच आहे. इझ्राएलच्या यशात लष्करी संशोधनाचा वाटा सहसा मान्य केला जातो. माल्टामध्ये अर्धवाहक (सेमीकंडक्टर) हा प्रमुख निर्यातमाल आहे.